शीर्षक बदललं आणि पाऊस वाढला: तुकड्यातुकड्यांनी कोड चालवण्याचं एक प्रकरण

भूगोलात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प सातारा जिल्ह्याच्या पावसावर होता. अशा अभ्यासाला हा जिल्हा फार चांगला. पश्चिमेला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पूर्वेला माण तालुका, तिथे पाचशेच्या घरात पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. तिने सुरुवात कोरड्या टोकाकडून केली, म्हणजे माणदेशातल्या एका पर्जन्यमापक केंद्रापासून. नोंदवह्यांवरून टंकलेल्या एक्सेल फाइली हाताशी होत्या. दर वर्षाची एक फाइल, दर महिन्याची एक शीट, आणि रोज सकाळी साडेआठला मोजलेला आधीच्या चोवीस तासांचा पाऊस.

या नोंदींना एक जोड आहे. देशात मेट्रिक पद्धत आली १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीचा पाऊस इंच आणि सेंटमध्ये लिहिलेला असतो. शंभर सेंटचा एक इंच, आणि एका इंचाचे २५.४ मिलिमीटर. म्हणजे जुनी वर्षं मिलिमीटरमध्ये आणल्याशिवाय नव्या वर्षांशेजारी ठेवताच येत नाहीत.

मोजायच्या गोष्टी दोनच होत्या. पहिली, वर्षात पावसाचे दिवस किती. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. दुसरी, मुसळधार पावसाचे दिवस किती. त्याची खालची मर्यादा ६४.५ मिलिमीटर. हे दोन आकडे लक्षात असू द्या, पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

तिचा कोड पायथनमध्ये होता, साधी एक फाइल, वरून खाली चालणारी. अडचण वेळेची होती. पायथनला एक्सेल वाचायला वेळ लागतो आणि इथे कित्येक वर्षांच्या बारा-बारा शीट वाचायच्या होत्या. आलेखाच्या अक्षावरचं नाव बदललं, रंग बदलला, स्वल्पविराम दुरुस्त केला, काहीही केलं तरी सगळ्या फाइली पुन्हा वाचल्या जायच्या. मग ती वाचनाच्या ओळींपुढे # लावून त्या तात्पुरत्या बंद करायची आणि मागच्या वेळी साठवलेली अर्धीकच्ची फाइल वापरायची. कुठली ओळ बंद आहे आणि कुठली चालू, हे लक्षात ठेवणं हेच एक वेगळं काम होऊन बसलं होतं.

तेव्हा मी तिला व्हीएस कोड या एडिटरमध्ये (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फाइलीचे तुकडे पाडायला सांगितलं. हा सल्ला बरोबरच होता आणि आजही मी तोच देईन. कोडमध्ये जिथे एक टप्पा संपतो तिथे # %% एवढीच ओळ लिहायची. पायथनच्या दृष्टीने # नंतरचं सगळं टिप्पणी, त्यामुळे फाइल टर्मिनलवरून पूर्वीसारखीच चालते. एडिटरला मात्र ती खूण कळते आणि तिथून पुढच्या खुणेपर्यंतचा मजकूर तो एक तुकडा मानतो. कर्सर तुकड्यात ठेवून शिफ्ट-एंटर दाबलं की तेवढाच भाग चालतो आणि कर्सर पुढच्या तुकड्यावर जातो. कंट्रोल-एंटर दाबलं तर तुकडा चालतो, कर्सर जागेवरच राहतो. उत्तर शेजारच्या खिडकीत दिसतं.

%% ही खूण मॅटलॅब ही गणिताची भाषा वापरणाऱ्यांना जुनी ओळखीची. पायथनमध्ये ती स्पायडर या एडिटरनेही घेतली, त्यामुळे एकच फाइल स्पायडरमध्ये उघडा की व्हीएस कोडमध्ये, तुकडे तेच राहतात. कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. लिस्प भाषेवाले ईमॅक्स या एडिटरमध्ये कंसाच्या शेवटी कर्सर ठेवून तेवढंच पद चालवत आले आहेत. मॅथेमॅटिका हे गणिताचं सॉफ्टवेअर १९८८ मध्ये आलं ती तुकड्यांची वही घेऊनच. संख्यांशी खेळणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न आधीचं उत्तर बघूनच सुचतो, म्हणून ही सोय पुन्हा पुन्हा जन्माला आली.

तिची फाइल अशी झाली: लायब्ररी आयात करणं, फाइली वाचणं, जुन्या वर्षांचे इंच मिलिमीटरमध्ये आणून त्यांचा आलेख काढणं, जुनी आणि नवी वर्षं जोडणं, वार्षिक बेरीज, पावसाचे दिवस. सहा तुकडे. वाचन एकदा झालं की बाकीचं सगळं क्षणात. तिचा कामाचा वेग बदलला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती प्रश्न विचारू लागली. जूनमधला पाऊस आणि सप्टेंबरमधला पाऊस वेगळा काढला तर? परतीच्या पावसावर माणदेश किती अवलंबून आहे? असे प्रश्न मनात आले की उत्तर मिनिटाच्या आत मिळतं, म्हणून ते मनात येऊ लागतात.

आलेखातला कडा

मग तिने सातवा तुकडा लिहिला, मुसळधार पावसाच्या दिवसांचा. आठव्यात सगळ्याचा मिळून तक्ता आणि स्तंभालेख. आलेख बघून ती जवळजवळ धावतच आली. जुन्या वर्षांचे स्तंभ उंचच उंच, आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी एकदम कडा कोसळावा तसे ते खाली आलेले. पुढच्या वर्षांत मुसळधार दिवस एखाद-दुसरा, काही वर्षं कोरीच.

निष्कर्ष समोर तयार होता: माणदेशातला मोठा पाऊस हरवला. घातक भाग असा, की यावर कुणाचाही विश्वास बसला असता. गावातली म्हातारी माणसं हेच सांगतात, पूर्वी ओढे आठ-आठ दिवस वाहायचे म्हणून. तिच्या आजोबांनीही तिला हेच सांगितलं होतं. ऐकलेल्या गोष्टीला दुजोरा देणारा आकडा आला की त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. आलेख उलटा आला असता, जुन्या काळात पाऊस कमी दिसला असता, तर तिने त्याच संध्याकाळी कोड तपासला असता.

मला आलेखापेक्षा तक्ता खटकला. जुन्या वर्षांच्या प्रत्येक ओळीत पावसाचे दिवस आणि मुसळधार दिवस हे दोन्ही आकडे तंतोतंत सारखे होते. एखाद्या वर्षी योगायोग समजता येईल. प्रत्येक वर्षी? याचा अर्थ, त्या काळात माणदेशात पाऊस पडला की मुसळधारच पडायचा, भुरभुर पाऊस म्हणून नव्हताच. आणि शेजारच्या रकान्यात वार्षिक बेरीज मात्र पाचशेच्या आसपास, अगदी शहाण्यासारखी. वीस-पंचवीस दिवस प्रत्येकी ६४.५ मिलिमीटर धरले तरी बेरीज हजाराच्या खूप वर जायला हवी. एकाच तक्त्यातले दोन रकाने एकमेकांना खोटं पाडत होते.

"सर, पण बेरीज तर बरोबर आहे ना? मग पावसाचे आकडे चुकीचे कसे असतील?" तिने विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. दोन्ही रकाने एकाच पावसाच्या आकड्यांवरून काढलेले, असं फाइल वाचून कुणालाही वाटेल.

खिडकीतला पुरावा

तपास सोपा निघाला, कारण व्हीएस कोडची ही शेजारची खिडकी चाललेला प्रत्येक तुकडा क्रमाने खाली खाली लिहीत जाते. जुपिटर या अशाच तुकड्यांच्या वहीत तुकडा पुन्हा चालवला की जुनं उत्तर पुसून नवं बसतं, फक्त कंसातला क्रमांक बदलतो. इथे जुनंही शिल्लक राहतं. वर सरकवत गेलो.

चालवण्याचे क्रमांक १ ते ६, सगळे तुकडे सरळ क्रमाने. पाचवर वार्षिक बेरीज, सहावर पावसाचे दिवस. मग क्रमांक ७: पुन्हा इंच-मिलिमीटरचा तुकडा. क्रमांक ८: पुन्हा जोडणी. ९ वर नवीन लिहिलेला मुसळधार दिवसांचा तुकडा, १० वर तक्ता.

"सातवर हा तुकडा परत का चालवलास?"

"आलेखाच्या शीर्षकात केंद्राचं नाव चुकलं होतं. तेवढं दुरुस्त केलं."

तुकड्यात आलेखाच्या ओळींच्या वर ही ओळ होती (पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात, आणि ती तशी ठेवायची तिला हौस होती):

जुना_पाऊस = जुना_पाऊस * मिमी_प्रति_इंच

पहिल्यांदा चालली तेव्हा इंचांचे मिलिमीटर झाले. शीर्षक दुरुस्त करून तुकडा पुन्हा चालवला तेव्हा त्या मिलिमीटरांनाच पुन्हा २५.४ ने गुणलं गेलं. मग शिफ्ट-एंटरने कर्सर खालच्या तुकड्यावर नेऊन ठेवला, हात तसाच होता, जोडणीही पुन्हा झाली. बेरीज आणि पावसाचे दिवस मात्र आधीच, शुद्ध आकड्यांवरून काढून झाले होते. ते पुन्हा काढायचं काही कारणच नव्हतं.

सारखेपणाचं कोडं यातून सुटतं, आणि ते इतकं नेमकं आहे की मी ते कागदावर मांडून पाहिलं. १० सेंट पाऊस म्हणजे २.५४ मिलिमीटर, जेमतेम पावसाचा दिवस. ९ सेंट म्हणजे २.२९, तो पावसाचा दिवस नव्हे. आता हेच दोनदा गुणा. २५.४ चा वर्ग ६४५.१६. १० सेंटचे झाले ६४.५१६ मिलिमीटर, जेमतेम मुसळधार. ९ सेंटचे ५८.०६, मुसळधार नव्हे. म्हणजे नोंद इंच-सेंटमध्ये असेल तर दुहेरी गुणाकारानंतर पावसाचा प्रत्येक दिवस मुसळधार ठरतो आणि त्याखालचा एकही ठरत नाही. रकाने सारखे येणारच.

यात नशिबाचाही भाग होता. महसूल खातं महाराष्ट्रात अतिवृष्टी धरतं ती ६५ मिलिमीटरपासून. तिने हवामान खात्याऐवजी तो निकष घेतला असता तर १० सेंटचे दिवस ६४.५१६ वर अडकून बाहेर राहिले असते, दोन रकान्यांत थोडा फरक पडला असता, आणि नजरेला खटकणारा सारखेपणा नाहीसा झाला असता. कडा तसाच दिसला असता.

आणि सातव्या क्रमांकाचा तो आलेख? त्यात चूक दिसायला हवी होती. दिसली नाही, कारण प्रत्येक आकडा एकाच पटीने वाढला की आलेखाचा आकार हुबेहूब तोच राहतो. अक्षावरचे आकडे मात्र २५ पट वाढले होते. पण ते सॉफ्टवेअर स्वतःच जुळवून घेतं, आणि माणूस त्या वेळी फक्त शीर्षक नीट आलं का हे बघत असतो.

नेमकं काय बिघडतं

याला निष्काळजीपणा म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. तुकडे चालवण्याची पद्धतच अशी आहे की हे घडावं, म्हणून तिच्या पोटात काय चालतं ते समजून घेणं भाग आहे.

एडिटर स्वतः काहीच चालवत नाही. मागे पायथनची एक वेगळी प्रक्रिया सुरू असते, तिला कर्नल म्हणतात. शिफ्ट-एंटर दाबलं की एडिटर त्या तुकड्याचा मजकूर कर्नलकडे पाठवतो. कर्नल तो चालवतो, उत्तर परत पाठवतो आणि तयार झालेली सगळी नावं आपल्या स्मृतीत ठेवून पुढच्या मजकुराची वाट बघतो. फाइलीत आधी काय आहे, नंतर काय आहे, कुठली ओळ आता खोडली, याचा त्याला पत्ता नसतो. त्याला फक्त आलेल्या मजकुरांचा क्रम माहीत. फाइलीतला क्रम तुमच्या डोळ्यांसमोर असतो, चाललेला क्रम कर्नलच्या पोटात. दोन्ही जुळतात तोवर सगळं सुरळीत. ते कधी वेगळे झाले हे पडद्यावर कुठेही ठळक लिहिलेलं नसतं.

हे फक्त विद्यार्थ्यांचं दुखणं नाही. ब्राझील आणि न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या सुमारे १४ लाख जुपिटर वह्या त्यांनी गोळा केल्या. ज्या चालवून पाहिल्या त्यांपैकी सुमारे २४ टक्केच चूक न येता शेवटपर्यंत गेल्या, आणि वहीत आधी लिहिलेलंच उत्तर परत मिळालं ते सुमारे ४ टक्क्यांत. यात लायब्ररी न सापडणं, फाइली न मिळणं अशी कारणंही होती, पण क्रमाच्या गोंधळाचा वाटाही होता.

दुरुस्ती

पहिली दुरुस्ती एका ओळीची:

पाऊस_मिमी = पाऊस_इंच * मिमी_प्रति_इंच

डावीकडचं नाव उजवीकडे येता कामा नये. मूळ आकडे एका नावाने राहतात, त्यांना कुणी हात लावत नाही, बदललेले आकडे दुसऱ्या नावाने. आता हा तुकडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवत बसलात तरी उत्तर तेच. शिवाय एकक नावातच आलं. 'जुना_पाऊस' या नावात इंच आहेत की मिलिमीटर हे कुणालाच सांगता येत नव्हतं, तिला स्वतःलाही.

दुसरी, बदल करणारा तुकडा आणि दाखवणारा तुकडा वेगळे केले. आलेखाच्या तुकड्याने फक्त आलेख काढायचा, कुठलंही नाव नव्याने भरायचं नाही. आलेखाचे तुकडेच सर्वांत जास्त वेळा पुन्हा चालवले जातात, म्हणून त्यांच्यात गुणाकार राहणं धोक्याचं.

तिसरी, जोडणीनंतर एक तपासणी घातली: दिवसाचा सर्वाधिक पाऊस हजार मिलिमीटरच्या आत नसेल तर कोड तिथेच थांबावा. हा आकडा हवेतून घेतलेला नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि त्याने शहर बुडालं. माणदेशातल्या केंद्राने एका दिवसात त्यालाही मागे टाकलं असं कोड म्हणत असेल तर कोड चुकला आहे. दोनदा गुणाकार झाला असता तर दीड इंचापेक्षा थोडा जास्त पाऊस असलेला कुठलाही दिवस या तपासणीत अडकला असता.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी: मार्गदर्शकांना आकडा देण्याआधी कर्नल बंद करून नव्याने सुरू करायचा आणि फाइल वरून खाली पूर्ण चालवायची. आम्ही तिथल्या तिथे चालवली. चौथ्या तुकड्यावर नेमएरर: 'केंद्र_यादी' नावाचं काही सापडत नाही. ते नाव तयार करणारी ओळ वरच्या एका तुकड्यात होती, आणि तो चालवून झाल्यावर तिने ती खोडली होती. ओळ फाइलीतून गेली, नाव कर्नलच्या स्मृतीत राहिलं, म्हणून काम आजवर बिनबोभाट चालू होतं. हा प्रकल्प दुसऱ्या कुणाच्या संगणकावर पहिल्याच दिवशी बंद पडला असता.

पण 'पूर्ण चालवून बघ' असा सल्ला देणं सोपं आहे. पूर्ण चालवायला वेळ लागतो म्हणून तर तुकडे पाडले होते. ज्या फाइलीला वरून खाली जायला दहा मिनिटं लागतात ती रोज कुणी चालवणार नाही, कितीही समज द्या. म्हणून वेळखाऊ भागच वेगळा काढला. एक्सेल वाचून सगळं एकत्र करणारा कोड वेगळ्या फाइलीत गेला, तो निकाल पार्के या पटकन वाचता येणाऱ्या फाइल-स्वरूपात साठवतो, आणि विश्लेषणाची फाइल तेवढंच वाचते. वाचन आता डोळ्याची पापणी लवते तोवर होतं. पूर्ण धाव स्वस्त झाली आणि मगच ती सवयीची झाली.

इथे कुणी विचारेल, साधनच बदललं असतं तर? त्यात तथ्य आहे. ज्युलिया भाषेतलं प्लूटो किंवा पायथनमधलं मारिमो या वह्यांत एक नाव एकाच तुकड्यात भरता येतं, आणि वरचा तुकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले खालचे तुकडे आपोआप पुन्हा चालतात. तिथे जुनी बेरीज आणि नवे मुसळधार दिवस एकाच तक्त्यात बसूच शकले नसते. ईमॅक्सच्या ऑर्गमध्ये दुसरं टोक: सेशन (चालूच राहणारी प्रक्रिया) मागितलं नाही तर पायथनचा प्रत्येक तुकडा कोऱ्या प्रक्रियेत चालतो, आधीचं काहीच लक्षात ठेवत नाही. दोन्ही चांगले. तरी तिच्यासाठी मी # %% च्या साध्या फाइलीवरच राहिलो. तिचे मार्गदर्शक तीच फाइल कुठलंही नवं सॉफ्टवेअर न घालता चालवू शकत होते, आणि जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये दोन आवृत्त्यांतला फरक ओळीओळीने वाचता येत होता. जुपिटरच्या वहीत तोच फरक चित्रांच्या आणि क्रमांकांच्या गर्दीत हरवतो.

नव्याने काढलेल्या आलेखात कडा नाही. जुने आणि नवे स्तंभ एकमेकांत मिसळलेत, काही वर्षं उंच, काही रिकामी, माणदेशात असतात तशी. प्रकरणाचा मसुदा तिला पुन्हा लिहावा लागला. 'मोठा पाऊस हरवला' हे वाक्य गेलं.

एक काम मागे राहिलं होतं, तेही नंतर झालं. साठवलेली पार्के फाइल हीसुद्धा एक स्मृतीच. एक्सेलमध्ये टंकनाची चूक दुरुस्त केली आणि पार्के जुनीच राहिली तर विश्लेषण जुन्या चुकीवर चालू राहणार. म्हणून विश्लेषणाच्या पहिल्याच तुकड्यात आता दोन्हींच्या बदलाची वेळ तपासली जाते, आणि एकही एक्सेल फाइल पार्केपेक्षा नवी निघाली तर पुढचं काही चालत नाही.